आजोबांचें पेन कोणत्या सालचें?

जुन्या घरांत वडिलोपार्जित वस्तूंची मोजदाद होते, तेव्हां सोन्याचें वजन होतें, जमिनीचा उतारा काढला जातो, आणि भांड्यांवरील नांवें वाचून तीं कोणाच्या लग्नांतलीं हें ठरविलें जातें. परंतु ज्या लेखणीनें त्या जमिनीचे अर्ज लिहिले, मुलांच्या फीचे हिशेब मांडले आणि सासरीं गेलेल्या लेकींना पत्रें धाडलीं, ती लेखणी बहुधा पेटीच्या तळाशीं तुटक्या चष्म्याशेजारीं पडून असते. तिचें कूळ कोणी विचारीत नाहीं. विचारलेंच, तर "आजोबांचें पार्कर आहे, फार जुनें आहे," एवढ्या उत्तरावर प्रश्न मिटतो.

आमच्या परभणी जिल्ह्यांत हा प्रश्न आतां लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाहीं. सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, कोठेंही जा, जुने वाडे उतरविले जात आहेत व एकत्र कुटुंबांच्या वांटण्या होत आहेत. पेट्या रिकाम्या करतांना फाउंटनपेन एक तर भंगारांत जातें, नाहीं तर निबेंतील सोन्यासाठीं मोडींत. त्या निबेंत सोनें तें किती? दोन-चार गुंजा. तेवढ्यासाठीं घराच्या इतिहासांतील एक साक्षीदार कायमचा मुका होतो. तो साक्षीदार बोलता कसा करावा, म्हणजेच पेन कोणत्या जातीचें व कोणत्या काळचें हें घरच्या घरीं कसें ओळखावें, याचा थोडासा विचार येथें करावयाचा आहे.

न्यायशास्त्रानें यथार्थ ज्ञानाचीं चार साधनें मानिलीं आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. पेनाचें वय शोधतांना या चोहोंचाही उपयोग होतो. आणि ज्यानें एकावरच भिस्त ठेविली, तो बहुधा फसतो.

घरची साक्ष

प्रथम शब्द, म्हणजे घरांतील वडीलधाऱ्यांचें सांगणें. तें टाकाऊ मानूं नये. परंतु प्रश्न विचारण्याचीही एक रीत आहे. "हें पेन किती जुनें?" असें विचारल्यास "फार जुनें" हेंच उत्तर येणार. त्याऐवजीं "हें कोण वापरीत असे? तेव्हां ते कोठें नोकरीस होते? कोणत्या प्रसंगीं आलें? तुमचें लग्न झालें तेव्हां घरांत होतें का?" असें विचारावें. सन विसरला जातो, प्रसंग विसरला जात नाहीं. आणि प्रसंगाचा सन पुढें कागदपत्रांवरून काढतां येतो. जुनीं छायाचित्रेंही साक्ष देतात. आजोबांच्या कोटाच्या खिशाला लावलेल्या पेनाची पट्टी भिंगाखालीं नीट पाहिल्यास पुष्कळदां ओळखूं येते.

येथें एक भेद मनांत पक्का ठेविला पाहिजे. पेन बनलें केव्हां, ही एक गोष्ट. घरांत आलें केव्हां, ही दुसरी. दुकानांत दोन वर्षें पडून राहिलेलें पेन किंवा कोणाचें तरी वापरलेलें पेन घरांत आलेलें असूं शकतें. पेनाचें अंग पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतें. दुसऱ्याचें उत्तर घरानेंच दिलें पाहिजे.

अंगावरचा पुरावा

आतां प्रत्यक्ष. पेन दिवसाच्या उजेडांत, खिडकीपाशीं, तिरपें धरून भिंगानें पाहावें. झिजलेलीं अक्षरें समोरच्या प्रकाशांत दिसत नाहींत. तिरप्या प्रकाशांत दिसतात. तरीही न दिसल्यास खडूची किंचित् पूड बोटानें चोळून वरचेवर पुसावी. खोलगट रेघांत ती राहते व अक्षरें पांढरीं उमटतात. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यानें चित्र घेऊन तें मोठें करून पाहणें हाही आतां सोपा उपाय आहे.

पहिली परीक्षा द्रव्याची. विसाव्या शतकाच्या आरंभींचीं बहुतेक पेनें एबोनाइटचीं, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचीं असत. तें अंगठ्यानें जोरानें चोळलें असतां गंधकाचा वास येतो, आणि ऊन व ओल लागल्यानें त्याचा काळा रंग तपकिरी-हिरवट होतो. पुढें १९२० नंतरच्या दशकांत रंगीबेरंगी सेल्युलॉइड आलें. त्यास कापराचा वास असतो. त्याची परीक्षा तापल्या सुईनें करूं नये; सेल्युलॉइड झट्कन् पेट घेतें. दुसऱ्या महायुद्धानंतर सांच्यांत ओतलेलें प्लॅस्टिक सर्वत्र झालें. मात्र आपल्या देशांत एबोनाइटची पेनें पुढेंही कातून बनत राहिलीं व आजही बनतात. म्हणून एबोनाइट दिसलें कीं पेन शंभर वर्षांचें, असें समजूं नये.

दुसरी परीक्षा अक्षरांची व आंकड्यांची. आणि फसगत सर्वांत अधिक होते ती येथेंच. वॉटरमन कंपनीच्या पुष्कळ पेनांवर १८८४ हें साल कोरलेलें असतें. तें पेनाचें साल नव्हे, पेटंटचें होय. त्यानंतर अनेक वर्षें तें कोरलें जात होतें. पेटंटचें साल एवढेंच सांगतें कीं, पेन त्याच्या आधींचें नाहीं. त्याच कंपनीचा ५२ हा आंकडाही सालाचा नव्हे : ५ म्हणजे बाजूच्या खटक्यानें शाई भरण्याची रीत, व २ म्हणजे निबेचा आकार.

पार्कर कंपनीनें मात्र अमेरिकेंत बनलेल्या पेनांवर १९३४ पासून खरोखरीच काळाची खूण घातली. आरंभीं दोन आंकडे असत. पहिला तिमाहीचा, दुसरा सालाचा. २५ असें कोरलेलें असेल तर अर्थ १९३५ ची दुसरी तिमाही. ज्यानें तें १९२५ वाचलें, तो दहा वर्षांनीं चुकला. १९३८ च्या सुमारास ही रीत बदलली : सालाचा शेवटचा एकच आंकडा, व त्याच्या बाजूस टिंबें. तीन टिंबें असल्यास पहिली तिमाही, दोन असल्यास दुसरी, एक असल्यास तिसरी, आणि मुळींच नसल्यास चौथी. एकच आंकडा असल्यामुळें ५ म्हणजे १९४५ कीं १९५५, ही शंका राहते; ती कशी फिटते तें पुढें सांगतों.

इतर खुणाही आहेत. शेफर कंपनीचा पांढरा ठिपका १९२४ पासूनचा. जर्मन पेलिकन पेनाच्या टोपणावरील घरट्यांत पूर्वीं चार पिलें असत. १९३८ च्या सुमारास दोन झालीं, आणि २००३ सालीं एकच राहिलें. घरांतील नातवंडांस भिंग देऊन हीं पिलें मोजावयास सांगावें. तीं अशा कामांत आपणांपेक्षां तरबेज असतात. पेनावर 'पश्चिम जर्मनी' असें इंग्रजींत असल्यास तें १९४९ ते १९९० या काळांतलें. कारण त्या देशाचें तें नांव तेवढाच काळ होतें.

तिसरी परीक्षा निबेची. अमेरिकन निबेवर १४ च्या पुढें इंग्रजी के अक्षर, इंग्लिश निबेवर सी-टी, आणि जर्मन निबेवर बहुधा ५८५ असा आंकडा असतो. तिन्हींचा अर्थ सोनें चौदा कॅरटचें एवढाच. परंतु निब हा पेनाचा बदलला जाणारा भाग आहे. ज्या निबेवर कंपनीचें नांव नसून केवळ सोन्याची हमी लिहिलेली आहे, ती मागाहून बसविलेली असण्याचा संभव ध्यानांत ठेवावा. मोडलेल्या दांताच्या जागीं बसविलेल्या दांतावरून माणसाचें वय कोणी काढीत नाहीं.

शाई भरण्याची रीत

अनुमानास सर्वांत भक्कम हेतु मिळतो तो शाई भरण्याच्या रीतींत. कारण टोपण व निब बदलतात, परंतु भरण्याची यंत्रणा सहसा बदलत नाहीं.

सर्वांत जुनी रीत ड्रॉपरनें शाई घालण्याची. तींत यंत्र असें कांहींच नाहीं. दांडी हीच दौत. आपल्याकडे ही रीत फार काळ टिकली, म्हणून केवळ तिच्यावरून काळ ठरत नाहीं. दांडीच्या बाजूस लहानशी पितळी अथवा सोनेरी तरफ असेल, तर तें आंतील रबरी पिशवी दाबण्यासाठीं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून ही पद्धत फैलावली. बूड फिरवून आंतील दट्ट्या वर-खालीं करणारें पेलिकन १९२९ सालीं निघालें. पार्करचें व्हॅक्युमॅटिक १९३३ च्या सुमारास आलें. त्याच्या बुडाचें लहान टोपण काढलें कीं आंत दाबावयाचा खुंट दिसतो. याच कंपनीनें '५१' या नांवाचें पेन १९४१ सालीं विक्रीस काढलें. त्याची निब जवळजवळ सर्व झांकलेली असते, केवळ टोंक दिसतें. प्रथम त्यांत हाच दाबावयाचा खुंट होता; १९४८ पासून त्याच्या जागीं धातूच्या आवरणांतील दाबपट्टी व पारदर्शक नळी आली. काडतूस घालण्याचें पार्कर ४५ हें १९६० चें.

आतां वरील शंका फिटते. '५१' वर ५ हा आंकडा आहे, आणि बुडाशीं खुंट आहे. तर साल १९४५. दाबपट्टी असेल तर १९४५ असूं शकत नाहीं. एका खुणेनें जें ठरत नाहीं, तें दोन खुणा एकमेकींस ताडून ठरतें.

फसली, हिजरी आणि हाली

वरील खुणा जगांत सर्वत्र सारख्याच. परंतु मराठवाड्यांतील पेनावर आणखी एक प्रकारचा लेख सांपडतो, आणि तो परदेशच्या पुस्तकांत पाहून उलगडत नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैद्राबाद संस्थानांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, सरकारी वर्ष फसली, आणि नाणें हाली. बक्षिसादाखल किंवा निरोपसमारंभांत दिलेल्या पेनावर नांव व साल कोरून घेतलेलें असे. तें साल इसवी असेलच असें नाहीं. शके असल्यास ७८ मिळवावे, हें सर्वांस ठाऊक आहे. संस्थानी फसली असल्यास ५९० मिळवावे. तें वर्ष ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. म्हणजे फसली १३५५ हें ऑक्टोबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६. परंतु हाच १३५५ आंकडा हिजरी समजला, तर तें १९३६-३७ होतें. नऊ वर्षांचा फरक!

पेनासोबत पावती असेल तर रकमेवरूनही अर्थ काढतांना जपावें. सहा कलदार रुपयांस सात हाली असा सर्वसाधारण भाव असे. पावतीवरील रुपये कोणते, हें आधीं पाहावें. खरेदी बहुधा हैद्राबादेहून होई. तेथील डेक्कन पेन स्टोअर्स हें दुकान १९२८ सालचें. आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून परभणी आगगाडीनें एकीकडे हैद्राबादेस व दुसरीकडे मनमाडास जोडली गेलेली होती.

एका घरचा वाद

या सर्व परीक्षांचा एकत्र उपयोग कसा होतो, याचें एक उदाहरण देतों. परभणीच्याच एका घरीं कांहीं वर्षांपूर्वीं वांटणी झाली. शेत, घर, भांडीं, सारें निमूटपणें वांटलें गेलें. अडलें तें एका पेनावर. थोरले चुलत बंधु म्हणत, हें आजोबांचें. मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले त्या वेळीं त्यांस भेट मिळालें. धाकटे म्हणत, हें माझ्या वडिलांचें. ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हांचें. पेनावर केवळ आडनांव व उर्दू आंकड्यांत १३५५ असें कोरलेलें होतें. आंकड्यापुढील चिन्ह झिजून गेलेलें. कोणी तरी तें हिजरी साल आहे असें सांगितलें होतें, आणि आजोबांची निवृत्ति १९३७ ची. त्यामुळें थोरल्यांचा पक्ष बळकट मानला जाई. धाकट्यांच्या मातोश्री, वय ऐंशीच्या घरांत, म्हणत असत, "आमच्या लग्नांत ह्यांच्या खिशाला हेंच नवें पेन होतें." परंतु बाई आपल्या मुलाच्या बाजूनेंच बोलणार, असें म्हणून त्यांची साक्ष कोणी धरली नव्हती. पेनाची किंमत दोघांपैकीं कोणाच्याही मनांत नव्हती; बोलणें मात्र बंद झालें होतें.

मला बोलाविलें तें उर्दू आंकडे वाचण्याकरितां. आंकडे बरोबर वाचलेले होते. प्रश्न आंकड्यांचा नव्हताच. पेनाची निब झांकलेली, म्हणजे पार्कर '५१'. बुडाचें टोपण काढलें, आंत खुंट. दांडीवर खडूची पूड फिरविली तेव्हां कंपनीच्या नांवापुढें ५ हा आंकडा व एक टिंब उमटलें : १९४५ ची तिसरी तिमाही. जें पेन १९४१ पूर्वीं विकलेंच गेलें नाहीं, तें १९३७ सालीं कोणास भेट मिळणार? म्हणून १३५५ हें हिजरी नव्हे, फसली. आणि ऑक्टोबर १९४५ ते ऑक्टोबर १९४६ हाच काळ धाकट्यांच्या वडिलांच्या वकिलीच्या परीक्षेचा. काकूंचें लग्न त्यानंतरच्या उन्हाळ्यांतलें. द्रव्य, यंत्रणा, आंकडा, लेख आणि आठवण, पांचही एका ठिकाणीं आलीं.

भिंग मीं थोरल्या बंधूंच्या हातीं दिलें. त्यांनीं स्वतः वाचलें आणि पेन धाकट्यांच्या हातांत ठेविलें. "म्हणजे आजोबांचें असें कांहींच उरलें नाहीं," एवढेंच ते म्हणाले. त्यावर काकू म्हणाल्या, "अरे, पण तें ह्यांना आणून दिलें कोणीं? मामंजींनींच हैद्राबादेहून आणविलें. तुम्ही कोणीं कधीं विचारलेंत कुठें?" याला कागदाचा पुरावा नाहीं. पण ज्यांचें पहिलें वाक्य खरें ठरलें, त्यांचें दुसरें खोटें मानण्याचें कारण उरलें नव्हतें. आप्तवाक्य तें हेंच.

सारखीं दिसणारीं पेनें

उरलें उपमान, म्हणजे माहीत असलेल्या वस्तूशीं सादृश्य पाहून ओळखणें. गाय ठाऊक असलेल्यानें गवा ओळखावा तसें. पण गाईस गवा व गव्यास गाय म्हणण्याचा धोकाही येथेंच आहे. झांकलेल्या निबेचें, चकचकीत टोपणाचें पेन दिसलें कीं घरांत त्यास पार्कर म्हणतात. पुष्कळदां तें चीनमधील शांघायचें हिरो असतें. त्याची घडण पार्कर '५१' वरूनच घेतलेली आहे, आणि आपल्या देशांत एका पिढीचे विद्यार्थी त्यावरच वाढले. नांव टोपणाच्या कडेस किंवा पट्टीवर असतें. पट्टीवरील बाणाकृति पाहून घाई करूं नये.

आणि हिरो निघालें म्हणून तोंड वांकडें करण्याचेंही कारण नाहीं. ज्या पेनानें वडिलांनीं शिष्यवृत्तीची परीक्षा दिली, तें चिनी असलें तरी घराचें धनच होय. देशी पेनांचीही तीच गोष्ट. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनीं महात्मा गांधींच्या प्रेरणेनें स्वदेशी पेन बनविलें, व १९३५ सालीं गांधींनीं पत्र लिहून त्याची वाखाणणी केली. मुंबईस दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं शाईचा धंदा मांडला, आणि त्यांची कॅमल शाई महाराष्ट्रांतील शाळाशाळांतून पोहोंचली. देशी पेनांवर तिमाहीच्या खुणा नसतात. त्यांचा काळ दुकानाच्या पत्त्यावरून, शहराच्या नांवाच्या जुन्या रूपावरून, डबीवरून आणि मुख्यतः घरच्या आठवणीवरूनच काढावा लागतो. म्हणून देशी पेनाच्या बाबतींत आठवण लिहून ठेवणें अधिकच निकडीचें आहे.

करावें काय, करूं नये काय

ओळख पटविण्याच्या भरांत पेनाचा नाश होऊं देऊं नये. घट्ट बसलेलें टोपण पकडीनें फिरवूं नये. गरम पाणी व स्पिरिट वर्ज्य करावें. एबोनाइटचा रंग गरम पाण्यानें जातो, आणि स्पिरिटानें कित्येक जातींचीं प्लॅस्टिकें विरघळतात. वाळलेली शाई काढावयाची तर निबेकडील भागच थंड पाण्यांत थोडा वेळ बुडवावा, पाणी बदलावें, आणि धीर धरावा. पॉलिश करण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा : चकाकी येते, पण झिजत आलेलीं अक्षरें पुसलीं जातात, आणि पेनाची जबानी तेवढ्यापुरती संपते. बोटाच्या खुणा, दांतानें चावलेलें बूड, कोरलेलें आडनांव हे दोष नव्हेत. ते पुरावे आहेत.

शेवटीं एक छोटेसें काम. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी लिहून तो कागद पेनासोबत डबींत ठेवावा. पहिल्या ओळींत अंगावर जें जें कोरलें आहे तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें. दुसरींत पेनाचें नांव व बनल्याचा काळ, आणि तो कोणत्या खुणांवरून ठरविला तें. तिसरींत घरांत कोणी, केव्हां, कशासाठीं आणलें, व हें कोणीं सांगितलें, त्या व्यक्तीच्या नांवासह. चौथींत आजचा दिनांक. पाहिलेलें, ताडलेलें व ऐकलेलें एकांत मिसळूं नये; पुढच्या पिढीस एखादी गोष्ट दुरुस्त करावयाची झाल्यास कोणती ओळ दुरुस्त करावी, हें तिला कळलें पाहिजे.

हें काम एका दुपारचें आहे. पण त्यांतील तिसरी ओळ लिहावयाची तर घरांत ज्यांस ठाऊक आहे ते असेपर्यंतच लिहितां येते. पेन आणखी पन्नास वर्षें तसेंच राहील. सांगणारीं माणसें राहणार नाहींत. तेव्हां भिंग हातीं घेण्यापूर्वीं घरांतील वृद्धांजवळ, आणि विशेषेंकरून ज्यांस आजवर कोणीं विचारलें नाहीं त्या आजी-काकूंजवळ, दहा मिनिटें बसावें.